बादल्यांचा गजर

अमेरिकेतल्या महिला कॉलेज बास्केटबॉलच्या २०२४ च्या अंतिम सामन्याचा निकाल एव्हाना सगळ्यांना ठाऊक आहे. ७ एप्रिलला साउथ कॅरोलिना विद्यापीठाच्या मुलींनी केटलिन क्लार्कच्या आयोवाला ८७-७५ असं हरवलं. त्याहून मोठी बातमी प्रेक्षकसंख्येची. हा सामना अमेरिकेत सरासरी १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला, तर पुरुषांचा अंतिम सामना १ कोटी ४८ लाखांनी. अंतिम सामन्याच्या प्रेक्षकसंख्येत मुलींनी मुलांना मागे टाकण्याची कॉलेज बास्केटबॉलमधली ही पहिलीच वेळ. त्यानंतर आठवडाभर जो तो क्लार्कच्या लांबून मारलेल्या बास्केटांबद्दल लिहीत होता. माझ्या डोक्यात मात्र पत्र्याच्या बादल्या वाजत होत्या.

फिलाडेल्फियाजवळच्या इमॅक्युलाटा कॉलेजात त्या वाजायच्या. नन्सनी १९२० साली सुरू केलेलं हे मुलींचं छोटंसं कॅथलिक कॉलेज. तिथे १९७० मध्ये कॅथी रश ही विशीतली तरुणी बास्केटबॉल शिकवायला आली. पगार वर्षाला ४५० डॉलर. कॉलेजचा खेळाचा हॉल १९६७ च्या आगीत गेलेला, त्यामुळे सराव ननांच्या मठाच्या तळघरात. अंगात निळा लोकरीचा चुण्यांचा झगा आणि आत पांढरा ब्लाऊज. हे घालून धावायचं, उड्या मारायच्या!

१९७२ मध्ये कॉलेजांच्या महिला संघांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा इलिनॉयमध्ये भरली. विमानभाड्यासाठी मुलींनी टूथब्रश विकले, तरी पैसे आठ जणींपुरतेच जमले. सोळा संघांत यांचं मानांकन पंधरावं. अंतिम फेरीत समोर शेजारचंच वेस्ट चेस्टर, ज्याने थोड्याच दिवसांपूर्वी यांना ३२ गुणांनी लोळवलं होतं. इमॅक्युलाटा ५२-४८ ने जिंकलं. १९७३ आणि १९७४ मध्येही विजेतेपद त्यांचंच.

आता बादल्या. एका खेळाडूच्या वडिलांचं हार्डवेअरचं दुकान होतं. त्यांनी बादल्या आणल्या आणि प्रेक्षकांत बसलेल्या सिस्टर्स त्या बडवू लागल्या. चर्चमध्ये ऑर्गनच्या सुरात प्रार्थना म्हणणाऱ्या बायका इथे आपल्या पोरींसाठी पत्रा दणाणून सोडत होत्या. या कॉलेजच्या संगीताचा इतिहास कुणी लिहिला, तर त्यात या गजराला जागा हवी.

हे यश याच कॉलेजच्या वाट्याला का आलं? फिलाडेल्फियाच्या कॅथलिक वस्त्यांत चर्चच्या मुलींच्या लीग होत्या. कामगार, कारकुनांच्या मुली शाळेपासूनच चुरशीने खेळत. पण मला दुसरं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं. इथे मुलांचा संघच नव्हता. हॉल आधी मुलांना, उरलेल्या वेळात मुलींना, हा हिशेबच नाही. प्राचार्यांपासून कप्तानापर्यंत सगळ्या बायका. आपल्याकडे मुलींच्या कॉन्व्हेंट कॉलेजच्या गॅदरिंगला हेच दिसतं. राजाही मुलगी, विदूषकही मुलगी, पडदा ओढणारीही मुलगी. बालगंधर्वांच्या काळात पुरुषांनी स्त्रियांची कामं केली आणि आपण ती डोक्यावर घेतली. या मुली राजाचा मुकुट चढवतात तेव्हा मात्र आपण त्याला ‘हौस’ म्हणतो. गाणं, नाच, नाटक मुलीच्या अंगी शोभतं, पण घाम गाळणारा खेळ दहावीनंतर बंद, असं सांगणारी घरं आजही कमी नाहीत. त्या सिस्टर्सनी असला भेद केला नाही, म्हणून त्यांच्याविषयी मला फार आदर वाटतो.

२२ फेब्रुवारी १९७५ ला इमॅक्युलाटाच्या मुली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये उतरल्या. सुमारे बारा हजार प्रेक्षक, लाउडस्पीकरवर हेलन रेडीचं ‘आय ॲम वुमन’. क्वीन्स कॉलेजवर ६५-६१ ने मात. महिनाभर आधी त्यांचा मेरीलँडविरुद्धचा सामना देशभर टीव्हीवर दाखवला गेला होता. महिला कॉलेज बास्केटबॉलला तो मान पहिल्यांदाच मिळत होता.

आणि मग ओहोटी. तिचं मूळ थोडं मागे होतं: जून १९७२ मध्येच ‘टायटल नाइन’ कायदा झाला होता. सरकारी पैसा घेणाऱ्या कॉलेजांना मुलगे-मुली असा भेद करायला मनाई झाली. मोठी विद्यापीठं मुलींच्या खेळावर हळूहळू खर्च करू लागली, शिष्यवृत्त्या देऊ लागली. कायदा हवाच होता, २०२४ चे १ कोटी ८९ लाख प्रेक्षक हे त्याचंच फळ. पण टूथब्रश विकणारं कॉलेज त्या पैशापुढे कुठून टिकणार? १९७७ मध्ये रश यांनी कॉलेज सोडलं.

त्यांच्या संघातल्या काही मुली मात्र प्रशिक्षक होऊन त्याच मोठ्या विद्यापीठांत गेल्या. तेरेसा ग्रेंट्झ यांनी १९८२ मध्ये रटगर्सला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. मरियन स्टॅनली यांनी ओल्ड डोमिनियनला तीनदा. पुढे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात स्टॅनलींनी पुरुष संघाच्या प्रशिक्षकाइतका पगार मागितला, १९९३ मध्ये कोर्टात गेल्या आणि हरल्या.

इमॅक्युलाटात २००५ पासून मुलगेही शिकतात. संघ आता अमेरिकी कॉलेजांच्या तिसऱ्या श्रेणीत खेळतो. त्या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. १९७२ च्या त्या आठ जणींनाही ती नव्हती.