परदेशी शिकणाऱ्यांची अबोल झुंज

भिवंडीलगतच्या शेलारहून कल्याण फार दूर नाही. यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेली इथली मुलेही आता परदेशी शिक्षणाची स्वप्ने पाहतात, आणि त्यासाठी घरची मंडळी कर्जाच्या कागदावर सह्या करतात. विमानतळावर हार पडतात, पेढे वाटले जातात. पुढे त्या मुलाचे काय होते, याची वास्तपुस्त मात्र परीक्षेच्या निकालापुरतीच राहते. अशा वेळी शेजारच्या कल्याणच्या, सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी परदेशी गेलेल्या एका मुलीची आठवण होणे अपरिहार्य आहे.

डॉ. आनंदीबाई जोशी यांची कथा महाराष्ट्राला पाठ आहे, निदान आपली तशी समजूत आहे. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मातृत्व आणि दहा दिवसांत त्या बाळाचा मृत्यू. त्या दुःखातून डॉक्टर होण्याचा निश्चय. १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून प्रयाण आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी. परंतु या दोन तारखांच्या मधली तीन वर्षे आपण भराभर उलटून जातो. विचार करावयाचा आहे तो नेमका त्याच वर्षांचा.

त्या वर्षांत काय होते? हाडे गोठविणारी थंडी होती आणि अंगावर नऊवारी लुगडे होते. शाकाहाराचे व्रत होते आणि ते पाळता येईल असे अन्न दुर्मिळ होते. खोलीतल्या शेगडीतून उबेपेक्षा धूरच अधिक निघे. तेव्हा धूर सोसावा की गारठा, एवढीच निवड उरे. आणि समुद्रापलीकडून पतीची पत्रे येत. ज्या गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी समाजाशी वैर पत्करले, त्यांच्याच पत्रांतून कधी संशय, कधी बोचरे शब्द येत. आनंदीबाई त्यांना संयमाने, पण आपला मान राखून उत्तरे देत. परक्या देशात एकट्या मुलीला बाहेरची थंडी सोसते; आतली सोसणे कठीण.

मग त्या तरल्या कशाच्या बळावर? केवळ जिद्दीच्या बळावर, असे उत्तर देण्याची आपल्याला सवय आहे. ते अर्धेच खरे आहे. न्यू जर्सीतील रोझेल येथील मिसेस कार्पेंटर यांनी दंतवैद्याकडे ताटकळत असताना एका नियतकालिकात या जोडप्याची हकिगत वाचली, पत्र धाडले आणि पुढे आनंदीबाईंना आपल्या घरी पोटच्या मुलीसारखे ठेवले. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. महाविद्यालयाच्या प्रमुख डॉ. रेचल बॉडली यांनी त्यांच्यामागे संस्थेचा आधार उभा केला. जिद्द आनंदीबाईंची खरीच. पण ती जिद्द टिकावी म्हणून कुणीतरी दार उघडे ठेवले होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण या संदर्भात डोळ्यांत अंजन घालणारे आहे. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ मध्ये लंडनला पोचले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. मुंबईत सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पैसा जोडला, १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये डी. एस्सी. ही पदवी त्यांनी मिळवलीच. अर्ध्यावरून परत येणे म्हणजे हरणे नव्हे, हे त्यांच्या आयुष्याने सिद्ध केले.

आनंदीबाईंना मात्र परत फिरून पुन्हा जाण्याची सवड मिळाली नाही. क्षयाने पोखरलेले शरीर घेऊन त्या १८८६ च्या अखेरीस मायदेशी आल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयातील नेमणूक वाट पाहत राहिली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, पुण्यात त्यांचा अंत झाला. त्यांनी सर्व अडचणींवर मात केली, एक शरीर सोडून. म्हणूनच त्यांच्या सोसण्याचे केवळ पोवाडे गाणे हा त्यांच्यावर अन्यायच आहे. सोसणे हा गुण असेल. पण सोसावे लागणे ही कुणाची तरी उणीव असते.

आज पत्राला महिने लागत नाहीत. क्षणात चेहरा दिसतो, आवाज ऐकू येतो. पण 'बरा आहे' या दोन शब्दांआड आजही पुष्कळ काही दडविले जाते. कर्जाचा हप्ता, रात्रपाळीचे काम, न झोपलेल्या रात्री आणि घरच्यांच्या अपेक्षांचे ओझे यांपैकी काहीही पडद्यावर दिसत नाही. मुलगा सांगत नाही, कारण सांगितले तर आई खचेल. आई विचारत नाही, कारण विचारले तर मुलगा खचेल. या परस्पर दयेतूनच एकटेपणा वाढतो.

तेव्हा शेलारच्या काय किंवा सांगलीच्या काय, परदेशी निघालेल्या मुलाच्या सामानात लोणच्याच्या बरणीबरोबर घरच्यांनी एक वाक्यही बांधून द्यावे : "जमले नाही तर परत ये, दार उघडे आहे." हे वाक्य मुलाला दुबळे करील अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. परतीची वाट मोकळी आहे हे ठाऊक असलेला माणूसच पुढची वाट निर्धास्तपणे चालतो.

आनंदीबाईंचा रक्षाकलश त्यांच्या मावशीकडे अमेरिकेत गेला आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथील कार्पेंटर कुटुंबाच्या स्मशानभूमीत विसावला. परक्या भूमीने तिला आपली म्हटले. आपल्या मुलांना एकटे पडू न देणे, एवढे तरी आपल्या भूमीला जमावयास हवे.