दसऱ्याला उघडणारा पडदा

मराठी रंगभूमीच्या इतिहासातल्या तीन तारखा शेजारी शेजारी मांडल्या, तर एक गोष्ट लगेच लक्षात येते. विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं ते ५ नोव्हेंबर १८४३ रोजी. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ पुण्यात पहिल्यांदा उभं राहिलं ते ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, तेही सुरुवातीच्या चारच अंकांचं. ‘संगीत सौभद्र’ आलं १८ नोव्हेंबर १८८२ रोजी. पहिला प्रयोग कार्तिकातला, दुसरा ऐन दिवाळीच्या तोंडावरचा, तिसरा दिवाळी उरकल्यानंतरचा. पाऊस थांबलेला, वाटा सुकलेल्या, पीक हाताशी आलेलं आणि लोकांना रात्रीची फुरसत. मराठी नाटकाने जन्मासाठी शरद ऋतू निवडला तो काही पंचांग उघडून नव्हे. पाहणारे जेव्हा मोकळे, तेव्हा दाखवणारे हजर, एवढा सरळ हिशेब त्यामागे होता.

हा हिशेब खानदेशात, विशेषतः बोदवडसारख्या कापसाच्या पट्ट्यातल्या गावात, आजही चालतो. शंभराच्या नोटा कमी-जास्त होतात, खेळाचं रूप बदलतं, पण दसरा ते त्रिपुरारी पौर्णिमा या दिवसांत इथे काही ना काही ‘उभं’ राहतंच. कधी देवळापुढे, कधी बाजारपट्टीत, कधी जळगावच्या नाट्यगृहात. या भागातल्या रंगभूमीचा मागोवा इमारतींच्या मागे लागून घेता येत नाही. तो हंगामाच्या मागे जाऊनच घ्यावा लागतो.

पहिला धागा रेल्वेचा. मुंबईहून निघालेली जीआयपी कंपनीची लाइन भुसावळवरून वऱ्हाडात शिरली आणि १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. बोदवड याच लाइनवर, भुसावळ आणि मलकापूरच्या दरम्यान. स्टेशन नाडगावच्या बाजूला. त्याच दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं, इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि खानदेश-वऱ्हाडाच्या कापसाला एकाएकी भाव आला. रूळ आणि रोकड अशी दोन्ही एकदम आल्यावर मागून नाटक मंडळ्या आल्या नसत्या तरच नवल. भाव्यांच्या मंडळीला सांगलीचा राजाश्रय तुटल्यावर गावोगाव फिरावं लागलं होतं. पुढच्या पिढीतल्या संगीत कंपन्यांनी फिरणं हाच धंदा केला. पडदे, पेट्या, दागिने, आचारी, पोरंटोरं असा अख्खा संसार आगगाडीत घालून त्या नाशिक, जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर असा दौरा काढत. ज्या गावात पेठ आणि जिनिंग, तिथे मुक्काम लांबायचा.

जळगावने या संगीत रंगभूमीला प्रेक्षक दिले, तसा एक नटही घडवायला हातभार लावला. नारायण श्रीपाद राजहंस नावाचा मुलगा लहानपणी काही काळ नातेवाइकांकडे जळगावात शिकायला होता. गाण्याचे सुरुवातीचे धडे त्याने इथेच मेहबूब खान यांच्याकडे घेतले. १९०५ मध्ये तो किर्लोस्कर मंडळीत गेला आणि ‘बालगंधर्व’ या नावाने महाराष्ट्रभर पोहोचला. जळगावचं खुलं नाट्यगृह त्यांच्याच नावाचं आहे, आणि शहरात दर वर्षी हिवाळ्यात होणारा संगीत महोत्सवही.

मात्र संगीत नाटक ही पेठेतली चैन होती. वाड्या-वस्त्यांचा शरद वेगळा, आणि त्याची सुरुवात दसऱ्याच्याही आधी होते.

भाद्रपदी पौर्णिमेला खानदेशात घरोघर गुलाबाई बसते. काही घरांत तिला भुलाबाई म्हणतात. मातीची गुलाबाई, शेजारी तिचा गुलोबा, आणि पुढे महिनाभर कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी गल्लीतल्या मुली जमून टिपऱ्यांवर गाणी म्हणतात. ही गाणी नीट ऐकली तर त्यांत पात्रं सापडतात. सासू आहे, रुसलेली सून आहे, न्यायला आलेला भाऊ आहे, आणि प्रत्येकाच्या तोंडी संवाद आहेत. गाणारीच्या आवाजात सासू आली की स्वर चढतो, सून आली की उतरतो. गाणी संपली की खाऊ ओळखायचा खेळ. झाकलेला डबा कानाशी हलवून बघायचा, ‘गोड की तिखट?’ विचारायचं, आणि कुणाला ओळखू आलंच नाही तर डबा आणणारीची मान ताठ. आजवर कुठल्याही नाट्यशिबिरात न गेलेल्या मुली उच्चार, ठेका आणि वेळ साधणं शिकल्या त्या इथे. जळगावात आता भुलाबाई महोत्सव भरतो आणि शाळांचे संघ रंगमंचावर ही गाणी सादर करतात. ओट्यावरचा खेळ मंचावर गेला आहे. खाऊचा डबा मात्र तिथे शोभेपुरता उरतो.

नवरात्रात वहीचा आवाज येतो. वहीगायन ही खास खानदेशी गोष्ट. डफ आणि ढोलकीच्या साथीवर देवीची, रामायण-महाभारतातली आख्यानं गाणारे गावातलेच गडी, कुणी शेतकरी, कुणी गवंडी. आख्यान रंगात आलं की मध्येच सोंग शिरतं आणि मग गाणं बाजूला राहून चक्क नाट्य सुरू होतं. भाषा पुस्तकी नाही. बोदवड, जामनेर, मुक्ताईनगर या बाजूला बोलली जाणारी तावडी तिच्यात सरळ उतरते, म्हणून रावणही इथलाच वाटतो. वहीला लिखित संहिता बहुधा नसते. बाप गातो, मुलगा मागे सूर धरतो, आणि पुढच्या काही वर्षांत डफ मुलाच्या हातात येतो.

आणि मग दसरा. तमाशाचं वर्ष दसऱ्याला उघडतं आणि वैशाखापर्यंत चालतं. सीमोल्लंघन झालं की फड बाहेर पडतात. ट्रकमध्ये कनात, राहुट्या, दिवे, ध्वनिक्षेपक. मागच्या गाडीत कलावंत. यात्रेचे पंच सुपारी देऊन खेळ ठरवतात, नाहीतर फड स्वतः कनात ठोकून तिकिटावर खेळ लावतो. खानदेशच्या प्रेक्षकांना फडांची नावं तोंडपाठ असतात. भिका-भीमा सांगवीकर हे त्यांतलं एक ठळक नाव. यांपैकी भीमा सांगवीकर यांना राज्य शासनाचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कारही मिळाला.

जुन्या बाजाचा तमाशा पाहायचा तर त्याची रचना ठाऊक हवी. आधी गण, म्हणजे गणपतीला वंदन. मग गवळण: मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी, वाट अडवणारा कृष्ण, पेंद्या, आणि पदर सावरत आलेली मावशी. मावशीचं काम पुरुषच करतो. खरी गंमत त्या मावशीच्या तोंडी असते, कारण गावाच्या सरपंचापासून बंद पडलेल्या बोअरपर्यंत सगळं तिच्या बोलण्यात येतं. सोंगाड्या संध्याकाळी गावात चहा पिता पिता चार नावं, दोन भानगडी गोळा करून ठेवतो आणि रात्री बरोबर जागेवर सोडतो. त्यानंतर बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग. वग म्हणजे पूर्ण लांबीचं नाटक, ऐतिहासिक, पौराणिक किंवा सामाजिक. पूर्वी तो पहाटेपर्यंत चालायचा. प्रेक्षक घोंगडी घेऊन यायचे ते उगाच नव्हे.

हा पहाटेपर्यंतचा वग संपला तो प्रेक्षक कंटाळले म्हणून नव्हे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर बंदी आली. वर्षातल्या मोजक्या दिवसांना मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते, पण ती सण-उत्सव पाहून. दोन-तीन तासांत सगळं बसवायचं म्हटल्यावर कात्री लागली ती वगालाच. गण-गवळण आटोपशीर झाली, हिंदी-मराठी सिनेमाच्या गाण्यांचा भाग वाढला, आणि ज्या भागात लेखक-नटाचा कस लागायचा तोच भाग आखडला. नियम झोपणाऱ्यांसाठी योग्यच होता. त्याचा खर्च मात्र वगाने उचलला.

कार्तिकात लक्ष जळगावच्या जुन्या गावाकडे वळतं. कार्तिकी एकादशीचा श्रीराम रथोत्सव अप्पा महाराजांनी १८७२ मध्ये सुरू केला. त्याआधी कार्तिक प्रतिपदेपासून रोज रात्री वहनं निघतात: घोडा, हत्ती, सिंह, गरुड, मारुती. एकेका रात्रीचं एकेक वहन म्हणजे फिरता देखावाच. रथाच्या दिवशी पाहण्यासारखी गोष्ट चाकांपाशी असते. एवढा उंच रथ अरुंद गल्ल्यांतून वळवायला सुकाणू नाही, ब्रेक नाही. चाकाखाली लाकडी मोगरी लावून तो वळवतात आणि थांबवतात. मोगरी लावणाऱ्याला चाकाच्या अगदी जवळ जाऊन क्षणात ती सरकवायची असते आणि क्षणात बाजूला व्हायचं असतं. ही कला काही घरांत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. रथ नाटक नाही, हे खरं. पण हजारो माणसांसमोर, ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या क्षणी, चूक परवडणार नाही असं काही करून दाखवणं यालाच तर प्रयोग म्हणतात.

त्याच सुमारास शहराच्या दुसऱ्या टोकाला वेगळाच प्रयोग सुरू होतो. राज्य शासनाची हौशी नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे, आणि तिची प्राथमिक फेरी सहसा नोव्हेंबरात वेगवेगळ्या केंद्रांवर होते. जळगाव हे त्यांतलं एक केंद्र. आधीचे दोन-तीन महिने बँकेतले कर्मचारी, शिक्षक, महाविद्यालयीन विद्यार्थी, औषध विक्रेते असे हौशी कलावंत कामं उरकून रात्री तालमीला जमतात. नेपथ्य उसनं, वेशभूषा घरची, प्रकाशयोजना मित्राची. निकालात नाव आलं तर अंतिम फेरी, नाहीतर त्या नाटकाचा संसार एका रात्रीत आटोपतो.

करोनाने या सगळ्या वेळापत्रकावर बोळा फिरवला. मार्च २०२० मध्ये यात्रा थांबल्या तेव्हा तमाशाचा ऐन कमाईचा काळ होता. फडमालकांनी उचल देऊन ठेवलेली, कलावंत अर्ध्या हंगामात घरी. राज्यातली नाट्यगृहं निम्म्या क्षमतेने उघडायला परवानगी मिळाली ती ५ नोव्हेंबर २०२० रोजी, म्हणजे नेमकी मराठी रंगभूमी दिनाला. दुसऱ्या लाटेत ती पुन्हा बंद झाली आणि पुन्हा उघडली २२ ऑक्टोबर २०२१ रोजी. दोन्ही वेळा शरदातच. साठावी हौशी नाट्य स्पर्धा मात्र शरद चुकवून २०२२ च्या सुरुवातीला घ्यावी लागली. त्याच वर्षी गाडी पुन्हा नोव्हेंबरच्या रुळावर आली.

जळगावच्या आजच्या रंगभूमीत दम आहे. महाबळ भागात छत्रपती संभाजीराजे नाट्यगृह आहे, व्यावसायिक नाटकांचे दौरे तिथे थांबतात. शंभू पाटील यांच्या ‘परिवर्तन’ संस्थेने बहिणाबाईंवरचा ‘अरे संसार संसार’ आणि हर्षल पाटील यांचा ‘नली’ हा एकलप्रयोग जिल्ह्याबाहेरही नेला. ‘नली’त एक नट, रिकामा मंच आणि इथली बोली, एवढ्यावर खेळ उभा राहतो. खानदेशी बोली फक्त हशा पिकवायला असते हा समज या प्रयोगाने मोडून काढला.

तरीही शेजारच्या विदर्भाकडे पाहिलं की एक प्रश्न पडतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या झाडीपट्टीत भाऊबीज झाली की मंडई भरते आणि मंडईच्या रात्री नाटक लागतंच. तिथल्या वडसा गावात नाट्यमंडळांची कार्यालयं आहेत. गावची मंडळं तिथे जाऊन नाटक ठरवतात आणि होळीपर्यंत खेळ चालतात. धान कापलेलं, हातात पैसा, मंडईला आलेले पाहुणे, सगळं एकाच वेळी. खानदेशात कापूस एका झटक्यात घरी येत नाही. पहिली वेचणी दसरा-दिवाळीच्या सुमारास, मग दुसरी, तिसरी. पैसाही तसाच तुकड्यांनी. यात्राही पौषापासून चैत्रापर्यंत पसरलेल्या. म्हणून इथे झाडीपट्टीसारखी नाटकांची एकगठ्ठा बाजारपेठ उभी राहिली नाही. तमाशाला ही पसरट यात्रा सोयीची, कारण फड फिरता असतो. नाटकाला ती अडचणीची.

अडचण कुठे आहे ते बोदवडहून नीट दिसतं. १९९९ मध्ये तालुका झालेल्या या गावातून स्पर्धेतलं नाटक पाहायला जळगाव गाठावं लागतं, आणि रात्री परतायचं कसं हा प्रश्न तिकिटाच्या पैशांपेक्षा मोठा असतो. पाचोरा-जामनेर ही १९१९ मधली अरुंद रुळांची गाडी २०२० मध्ये थांबली. तिचं रुंदीकरण करून ती बोदवडपर्यंत आणायची योजना आहे. गाडी येईल तेव्हा येईल. तोवर उलटा रस्ता सोपा आहे. प्रेक्षकाला जळगावला नेण्यापेक्षा नाटक तालुक्याला आणावं.

त्यासाठी नवं काही उभारायची गरज नाही. नोव्हेंबरात जळगाव केंद्रावर एकच प्रयोग होऊन थांबलेली नाटकं दर वर्षी असतात. पाठांतर ताजं, नेपथ्य अजून मोडलेलं नाही, नट खाजगीत दुसऱ्या प्रयोगाची वाट पाहत असतात. डिसेंबर लागला की तालुक्याच्या शाळा-महाविद्यालयांत स्नेहसंमेलनं सुरू होतात. मंच, मांडव, दिवे, ध्वनिक्षेपक आठवडाभर जागेवर असतात. संमेलनाची एक संध्याकाळ बाहेरच्या नाटकाला दिली आणि दहाच्या आत पडदा पाडला, तर नियमही मोडत नाही. जाण्या-येण्याच्या गाडीभाड्यापुरती वर्गणी जमली की पुरे. वहीच्या फडाला आणि तमाशाला गावाने हेच तर आजवर केलं.