पाठीवरची थाप परत आली

वेळ अमावस्येला अहमदपूरच्या शिवारात कोपीसमोर पंगत बसते. भज्जी, उंडे, आंबील झाल्यावर शेंगा फोडता फोडता एखाद्या पोराला ठसका लागतो. आजी टाळूवर थापटते, "वर बघ, चिमणी बघ" म्हणते, कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढे करतं. याने काही होतं का?

खोकला येतोय, आवाज निघतोय, तोवर खोकू द्यावं. भीती आवाज बंद होण्याची. हात गळ्याकडे जातो, ओठ निळे पडतात, शब्द फुटत नाही. मेंदूकडे मग चार-पाच मिनिटंच असतात. १०८ ला फोन करायचाच, पण तेवढ्यात शेतात कुणी पोचत नाही. जे करायचं ते पंगतीतल्यांनीच.

सिनसिनाटीचे सर्जन हेन्री हाइमलिक यांनी १९७४ मध्ये पोट दाबण्याची युक्ती मांडली. सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्याने दाबा आणि दांडा जोरात लोटा, अंगठा उडतो. श्वास सोडल्यावरही फुप्फुसात लिटरभर हवा उरतेच. मागून मिठी मारून, बेंबीच्या वर मूठ ठेवून आत-वर हिसका दिला की ती हवा घास बाहेर फेकते. किती सुंदर कल्पना!

पण हाइमलिक पाठीवरच्या थापांना 'मृत्यूचे फटके' म्हणू लागले, आणि १९८५ मध्ये अमेरिकेचे सर्जन जनरल कूप यांनीही त्या धोकादायक ठरवल्या. इतक्या तुटपुंज्या पुराव्यावर एक चांगला उपाय बाद व्हावा, याचा मला आजही राग येतो. अमेरिकन रेडक्रॉसने २००६ मध्ये थाप परत आणली. अमेरिकन हार्ट असोसिएशनही २०२५ पासून आधी पाठीवर पाच थापा, मग पोटावर पाच हिसके, असं आळीपाळीने करायला सांगते.

म्हणजे आजीचा हात बरोबर, जागा चुकली. टाळूवर नाही. माणसाला पुढे वाकवून, दोन खांद्यांच्या मधोमध, तळहाताच्या टाचेने, जोरात. पाणी नको, वर बघणंही नको. शुद्ध हरपली तर उताणं निजवून छाती दाबायला लागायचं.

वर्षाच्या आतल्या बाळाचं पोट कधीच दाबू नये. हातावर पालथं घ्यावं, जबड्याला आधार, डोकं खाली, पाठीवर पाच थापा. मग उताणं करून छातीच्या मधोमध पाच दाब. अडकलेला घास दिसत नसेल तर घशात बोट घालायचं नाही.

शेंगदाणा मात्र फसवा. तो बहुधा श्वासनलिकेच्या उजव्या, रुंद आणि सरळ फाट्यात उतरतो. ठसका थांबतो, सगळे हुश्श करतात. मग आत तेलाने सूज येते आणि काही दिवसांनी खोकला सुरू होतो, तो दमा समजला जातो. डॉक्टरांकडे गेल्यावर शेंगा खाताना लागलेला तो ठसका आधी सांगा, मग खोकल्याचं.