न्हाणीच्या पत्र्यातलं आभाळ

आमच्या मूर्तिजापूरच्या घरी न्हाणी मागच्या अंगणात आहे. वर पत्रे, आणि त्यांतला एक कापून बसवलेली दीड फूट बाय दीड फुटाची ॲक्रिलिक शीट. नावाच्या पाट्या करणाऱ्याकडून दहा-बारा वर्षांपूर्वी आणली, तेव्हा ती आहे की नाही हे बोट लावल्याशिवाय कळत नसे. नंतर ती इतकी धुरकटली, की खाली आंघोळ करणाऱ्याला ताकाच्या निवळीत बसल्यासारखं वाटायचं. गंमत अशी, की पहिला पाऊस कोसळला की हीच शीट स्वच्छ व्हायची. आभाळ काळवंडलेलं, उजेड निम्म्याहून कमी, तरी शेजारच्या कडुनिंबाचं पान न् पान दिसायचं. ऊन पडलं, शीट वाळली, की परत निवळी.

मला वाटायचं, पावसानं धूळ धुतली जाते. पण मग वाळल्यावर ती धूळ परत कुठून यायची?

शेवटी एका रविवारी शिडी लावली. खालच्या बाजूनं पांढरी खरखरीत पुटं होती. हा आपल्या पाण्याचा प्रसाद. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात अकोला, अमरावती आणि बुलढाण्याची कितीतरी गावं येतात, आणि इथल्या बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येता येत नाही. पाण्यातलं कॅल्शियम साबणाशी जुळून चिकट साका करतं. शिंतोडा वाळला, की मागं चुन्याचा ठिपका राहतो. त्यावर लिंबाची फोड फिरवली तर बारीक बुडबुडे येतात. तो कार्बन डायऑक्साइड. आम्लानं चुन्याचा दगड फुटतोय, तेही आपल्या डोक्यावर! दोन लिंबं आणि अर्धी वाटी व्हिनेगर यांत खालची बाजू निघाली.

वरच्या बाजूला हिरवं-काळं शेवाळ, कावळ्यांची कृपा आणि काळ्या मातीची धूळ. ज्या तालुक्यातल्या दापुऱ्याला गाडगेबाबांचं लहानपण गेलं, तिथं खराटा हाती घ्यायचा मोह होतोच. पण खराटा रस्त्यासाठी. ॲक्रिलिकवर कोरडी धूळ घासणं म्हणजे वाळूनं भिंग पुसणं. आधी भरपूर पाणी, मग साबणाचं पाणी आणि जुनं मऊ सुती धोतर. पेट्रोल, थिनर, स्पिरिट यांना तर दूरच ठेवावं. त्यांनी शीटच्या अंगात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात आणि त्या कशानंच जात नाहीत.

धुऊन झालं आणि शीट चकाकली. मी खाली उतरलो, चहा घेतला, परत येऊन पाहतो तर पुन्हा निवळी. गाड्यांना रंग मारणाऱ्या ओळखीच्या मिस्त्रीला विचारलं. तो हसला. ‘‘भाऊ, पाणी मारलं का समदंच नवं दिसते. वायलं का मंग पाहा.’’

या एका वाक्यात माझ्या पावसाचं कोडं सुटलं. शीट नुसती मळलेली नव्हती, ओरखडलेलीही होती. प्रकाश हवेतून ॲक्रिलिकमध्ये शिरताना वळतो. पृष्ठभाग सपाट असेल तर सगळे किरण सारखेच वळतात आणि चित्र शाबूत राहतं. ओरखडे असतील तर प्रत्येक किरण आपापल्या उताराप्रमाणे फाकतो. उजेड बराचसा आत येतो, पण चित्र विस्कटतं. पाणी त्या ओरखड्यांत भरतं. हवेचा अपवर्तनांक 1, पाण्याचा 1.33, ॲक्रिलिकचा 1.49. म्हणजे पाणी प्रकाशाच्या लेखी ॲक्रिलिकचं जवळचं नातेवाईक. खड्डे त्यानं बुजले, की किरणांना ते जवळपास जाणवतच नाहीत. पाऊस माझी शीट धूत नव्हता, लिंपत होता.

मग उपाय? मिस्त्रीनं सांगितलेला उपाय ऐकून मी गारच झालो: अजून ओरखडे पाडा. 600 नंबरचा वॉटर पेपर, मग 1000, 1500, 2000, सगळे ओले करून. दर वेळी आधीच्या ओरखड्यांना आडवं घासायचं, म्हणजे जुने संपले की नाही ते दिसतं. पहिल्या पेपरनंतर शीट दह्यासारखी पांढरी झाली. आई दारातून म्हणाली, ‘‘काय करून रायला रे? होतं तेबी गेलं!’’ 2000 नंबरनंतरही धुकं होतंच. शेवटी गाडीची रबिंग पॉलिश, मऊ कापड आणि अर्धा तास. धुकं एका कोपऱ्यातून सरकत गेलं आणि कडुनिंब आत आला.

ओरखडे गेले होते का? तर नाही. ते इतके बारीक झाले होते की प्रकाशाला पकडता येईनात. दिसणाऱ्या प्रकाशाच्या लहरीची लांबी साधारण अर्धा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दोन हजारावा भाग. त्याहून पुष्कळ उथळ ओरखडा प्रकाशाच्या दृष्टीनं सपाटच. चकचकीत म्हणजे तरी काय, प्रकाशाच्या मापापेक्षा बारीक खडबडीत.

कारव्हॅनच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, छोट्या न्हाणीवर अशाच ॲक्रिलिकचा घुमट बसवतात. उजेडासाठी तर खराच, पण उंच माणसाचं डोकं मावावं म्हणूनही. याच ॲक्रिलिकच्या खिडक्या दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांना होत्या. त्या फुटून वैमानिकांच्या डोळ्यांत कण घुसले, आणि लंडनचे डॉक्टर हॅरॉल्ड रिडली यांच्या लक्षात आलं की डोळा ते मुकाट्यानं सोसतो. 29 नोव्हेंबर 1949 रोजी त्यांनी मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात ॲक्रिलिकचं भिंग बसवलं. आजच्या बहुतेक कृत्रिम भिंगांचं कूळ तेच. म्हणजे न्हाणीत आईच्या डोक्यावर आणि तिच्या ऑपरेशन झालेल्या डोळ्यात एकाच घराण्याचा पदार्थ आहे. तिला सांगितलं, तर तिनं एवढंच विचारलं, की डोळाही पेपरनं घासायचा काय.

स्वच्छ ॲक्रिलिक 92 टक्के प्रकाश आत सोडतं. उरलेला मुख्यतः वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परततो. भर दुपारच्या उन्हात सव्वादोन चौरस फुटांतून येणारा उजेड म्हणजे नऊ वॅटचे वीसएक एलईडी बल्ब. हा हिशेब मी हिवाळ्यात मोठ्या अभिमानानं सगळ्यांना ऐकवला. न्हाणीच्या फरशीवर आता धारदार कडांचा उजेडाचा चौकोन पडे, त्यात फांदी हले, आणि कावळा शीटवर उतरला की त्याची नखं खालून मोजता येत.

मग मे आला. मूर्तिजापूरला मेच्या चौथ्या आठवड्यात एक दिवस सूर्य बरोब्बर माथ्यावर येतो, घड्याळात साधारण सव्वाबारा वाजता. त्या वेळी उभ्या काठीची सावली पडत नाही. मी मुद्दाम न्हाणीत जाऊन थांबलो. चौकोन इंचाइंचानं सरकत थेट शीटच्या खाली आला आणि बादलीवर स्थिरावला. अर्ध्या तासानं त्या बादलीत हात घातला तर पाणी चांगलं कोमट.

दुसऱ्या दिवशी उठून पाहतो, तर न्हाणीत अंधार. माझ्या चार दिवसांच्या मेहनतीवर आईनं ओलं गोणपाट अंथरून वर दोन विटा ठेवल्या होत्या.