कणेरीच्या शस्त्रक्रियागृहात दोन भाषा

कोल्हापूरहून कागलकडे जाताना महामार्ग सोडून थोडं आत वळलं, की कणेरी लागते. काडसिद्धेश्वर मठ आणि ग्रामजीवनाचं म्युझियम यामुळे हे गाव सर्वांना ठाऊक आहे. याच मठाच्या धर्मादाय सिद्धगिरी रुग्णालयात डॉ. शिवशंकर मरजक्के आणि त्यांचे सहकारी मेंदूच्या शस्त्रक्रिया करतात. काही तर रुग्णाला जागं ठेवून.

गाठ वाचेच्या केंद्राला खेटून असेल, तर ती कुठवर काढायची हे केवळ एमआरआय पाहून नेमकं ठरत नाही. मेंदूला स्वतःला वेदना होत नाहीत. म्हणून डोक्याची कातडी बधिर करून रुग्णाला बोलतं ठेवता येतं. अशा शस्त्रक्रियेत मेंदूच्या पृष्ठभागावर एकेका जागी अगदी थोडा वीजप्रवाह देतात आणि रुग्णाला चित्रं दाखवतात: गाय, छत्री, कुलूप. एखाद्या जागी तो ‘हे...’ म्हणून अडखळतो. कुलूप ओळखू येतं, शब्द मात्र फुटत नाही. प्रवाह थांबला की शब्द परत येतो. त्या जागेवर क्रमांकाची बारीक चिठ्ठी ठेवतात आणि तिला धक्का लावत नाहीत.

म्हणजे उपचार करतानाच मेंदूचा नकाशा तयार होतो. मेंदूचे शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांनी १९३४ मध्ये माँट्रियलला उभारलेल्या संस्थेत रुग्णसेवा आणि प्रयोगशाळा एकत्र नांदल्या, त्या याचसाठी. पुढे १९७८ मध्ये ऑजेमन आणि व्हिटेकर या संशोधकांनी दाखवलं, की दोन भाषा बोलणाऱ्यांच्या मेंदूत काही जागा दोन्ही भाषांना सामाईक असतात, तर काही एकाच भाषेच्या. एकाच भाषेत तपासणी केली, तर दुसरी गमावण्याचा धोका राहतो.

आपल्या सीमाभागात हा प्रश्न घरोघरचा आहे. निपाणी-चिकोडीकडे घरात मराठी आणि बाजारात कन्नड, किंवा याच्या उलट, असं रोजचं जगणं आहे. दोन्ही भाषांची कुळं वेगळी आहेत. त्या एका मेंदूत कशा नांदतात, हे शोधायला याहून योग्य जागा कुठली?

त्यासाठी कोल्हापुरात मेंदूसंशोधन केंद्र उभं राहायला हवं. यंत्रं पैसे जमले की येतील. खरी मेहनत वेगळी आहे: इथल्या माणसाच्या ओळखीच्या वस्तूंचा दोन्ही भाषांतला चित्रसंच, शस्त्रक्रियेआधीच्या आणि नंतरच्या बोलण्याची नोंद, रुग्णाची समजून-उमजून दिलेली संमती, वर्षानुवर्षांचा पाठपुरावा. शिवाजी विद्यापीठातले भाषेचे अभ्यासक आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय याच शहरात आहेत. त्यांनी सर्जनांबरोबर एकत्र बसावं. गाठ निघाल्यावर माणूस आपल्या दोन्ही भाषांसह घरी परतला, तरच उपचार पुरा झाला म्हणायचं.