ओझर कोणते? अंबड कोणते?

नाशिकच्या अंबडमध्ये राहणाऱ्या मित्राला तुम्हांला पत्र पाठवायचे आहे. पाकिटावर गावाचे नाव नुसते ‘अंबड’ असे लिहून भागेल काय? नाही. जालना जिल्ह्यातही एक अंबड आहे आणि ते तर तालुक्याचे ठिकाण आहे! म्हणून आपण ‘अंबड, नाशिक’ असे लिहितो. कोशात विमानतळाची नोंद करणाऱ्यालाही अशाच अडचणीतून वाट काढावी लागते.

अंबडकरांचा जवळचा विमानतळ निफाड तालुक्यातील ओझर येथे आहे. मिग विमानांसाठी १९६४ साली स्थापन झालेला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखानाही तेथेच आहे. या विमानतळाची नोंद ‘ओझर’ या नावाखाली करावी काय? पण अष्टविनायकांपैकी विघ्नहराचे ओझर पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात आहे. वाचकाचा घोटाळा होईल. म्हणून मुख्य नोंद ‘नाशिक विमानतळ (ओझर)’ अशी करावी. ज्याला फक्त ओझर ठाऊक आहे त्याच्यासाठी ‘ओझर विमानतळ : पाहा – नाशिक विमानतळ’ अशी एक ओळ त्या अक्षराखाली ठेवावी. या एका ओळीला उल्लेख-नोंद म्हणू या.

आता मुंबई घ्या. तेथील विमानतळाला १९९९ साली छत्रपती शिवाजी यांचे नाव देण्यात आले आणि २०१८ साली त्यात ‘महाराज’ हा शब्द जोडला गेला. त्याआधीच्या पुस्तकांत ‘सांताक्रूझ’ व ‘सहार’ ही नावे आढळतात. आदराने दिलेले अधिकृत नाव नोंदीत पूर्ण लिहिलेच पाहिजे. पण जुनी नावेही वर्षांसह द्यावीत. ती गाळली तर जुने पुस्तक वाचणारा विद्यार्थी वाटेतच अडकेल.

तुम्ही म्हणाल, ‘मग तिकिटावरची तीन अक्षरेच शीर्षक म्हणून का वापरू नयेत?’ नाशिकची अक्षरे आयएसके, मुंबईची बीओएम. शहराचे नाव १९९५ साली अधिकृतपणे मुंबई झाले, तरी ‘बॉम्बे’वरून आलेली ही अक्षरे तशीच राहिली. म्हणजे ती नावापेक्षा टिकाऊ दिसतात. पण थांबा! २००८ साली हैदराबादची प्रवासी वाहतूक बेगमपेटहून शमशाबादच्या नव्या विमानतळावर गेली, तेव्हा एचवायडी ही अक्षरेही तिकडेच गेली. त्याच अक्षरांनी त्या वर्षाआधी एक धावपट्टी ओळखली जाई, नंतर दुसरी!

मग न हलणारे काय? धावपट्टीची जागा. ओझरची धावपट्टी सुमारे २०.१ अंश उत्तर अक्षांश व ७३.९ अंश पूर्व रेखांशावर आहे. शहराचे, गावाचे वा विमानतळाचे नाव बदलले तरी हे आकडे बदलत नाहीत. म्हणून चांगल्या नोंदीत पाच गोष्टी हव्यात : शहर व गाव, आजचे अधिकृत नाव, जुनी नावे वर्षांसह, सांकेतिक अक्षरे आणि अक्षांश-रेखांश. शीर्षक वाचकाच्या सोयीसाठी असते, तर नोंद खरी की खोटी हे जागेवरून ठरते.

आता एक उपक्रम. पुणे, नागपूर आणि शिर्डी येथील विमानतळांची अशी एकेक नोंदपत्रिका तयार करा. पुण्यासाठी लोहगाव, नागपूरसाठी सोनेगाव आणि शिर्डीसाठी काकडी या नावांच्या उल्लेख-नोंदी विसरू नका. मग पत्रिका मित्राच्या हाती द्या आणि त्याला कोणतेही एक नाव सांगा. त्या नावावरून तो नेमक्या विमानतळापर्यंत पोचला, तर तुमची नोंद उत्तम झाली असे समजा.