भीती शिकलेला मासा
पाण्यातले जीवन : लेखांक ७

ताण आला की माशाच्या शरीरात काय घडते, ते मागच्या लेखांकात पाहिले. रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक उतरते, कल्ल्यांची उघडझाप वाढते, साखर चढते आणि ताण लांबला तर रोगाशी लढण्याची ताकद घटते. आता पुढचा प्रश्न : कशाला घाबरायचे हे मासा जन्मतःच जाणतो, की शिकतो?

हरसूल भागात, दमणगंगेच्या खोऱ्यातल्या ओढ्यांवर पाग टाकणाऱ्याला याचे निम्मे उत्तर ठाऊक असते. एकाच डोहात पुन्हापुन्हा पाग पडला की तिथला मासा हुशार होतो. काठावर सावली हलताच खोल जातो. उरलेले निम्मे उत्तर प्रयोगशाळेने दिले.

१९३८ मध्ये कार्ल फॉन फ्रिश यांनी मिनो या छोट्या माशाविषयीचे एक निरीक्षण प्रसिद्ध केले. जखमी मासा कळपात आला की बाकीचे घाबरून पांगत. फाटलेल्या कातडीतून एक रसायन पाण्यात मिसळते आणि तोच धोक्याचा इशारा ठरतो. आपले कटला, रोहू, मृगळ हे मिनोच्याच गणातले. या वासाची भीती उपजत असते. पण हल्ला मरळीने केला की शिवड्याने, हे त्या वासातून कळत नाही. ती ओळख शिकावी लागते.

शिकण्याची ही रीत १९९० मध्ये झेब्रा माशांवरच्या प्रयोगात स्पष्ट झाली. कातडीचा अर्क आणि एक निरुपद्रवी वास माशांना एकत्र दिला. पुढे नुसता तो वास आला तरी मासे बिचकू लागले. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे, अशा माशांच्या संगतीत ठेवलेले नवखे मासेही त्या वासाला घाबरायला शिकले. म्हणजे स्वतः जखम न सोसता भीतीचे ज्ञान कळपात पसरते. ओढ्यातल्या पिल्लाला एवढी शिकवणी जगण्यासाठी फार मोठी आहे.

हे शिकणे फक्त पळण्यापुरते नसते, ते रक्तापर्यंत पोहोचते. २००४ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी ट्राउट माशांच्या टाकीत पाण्याची धार थांबवायची आणि पाठोपाठ माशाला अरुंद जागेत कोंडायचे, असे अनेक दिवस केले. नंतर कोंडले नाही, नुसती धार थांबवली, तरी कॉर्टिसॉल वाढले. आणि स्मरण किती टिकते? ऑस्ट्रेलियातल्या रेनबो माशांनी ओढत्या जाळ्यातली एकमेव पळवाट पाच फेऱ्यांत शिकून घेतली आणि अकरा महिन्यांनीही ती त्यांना आठवत होती.

शेततळ्यात मासे पाळणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवे. जाळे टाकले की ओढाताण, माणूस काठावर आला की धसका, एवढेच मासा शिकला तर तुमच्या पावलांची चाहूलही त्याला ताण देईल. धास्तावलेला मासा खाद्य कमी खातो आणि त्याची वाढ खुंटते. उलट शिकवणही देता येते. १९९५ च्या एका अमेरिकी अभ्यासात टाकीतले पाणी उतरवल्यानंतर सामन माशांना खाद्य देण्याची सवय लावली. पुढे वाहतुकीचा ताण त्यांनी अधिक चांगला सोसला. आपल्याकडेही बोटुकली पाठवण्यापूर्वी हाप्यात दाटीने, उपाशी ठेवतात. त्यामुळे तिचे पोट रिकामे होते आणि तिला गर्दीची सवयही लागते.

म्हणून तळेवाल्यांना विनंती आहे. खाद्य रोज ठरल्या वेळी, ठरल्या कोपऱ्यात द्या. त्याआधी बादली वाजवण्यासारखी एखादी खूण कायम ठेवा. वाढ तपासायला जाळे टाकाल तेव्हा काम झटपट उरका आणि मासा ओल्या हातानेच धरा. बोटुकलीची पिशवी लगेच फोडू नका. आधी ती तळ्यावर तरंगत ठेवा, आतले आणि बाहेरचे पाणी सारख्या तापमानाला येऊ द्या. खरचटलेले मासे कळपात परत टाकू नका. मासा शिकतोच, तुमच्याकडून त्याने काय शिकावे, हे तुम्हीच ठरवा.